६४ कोअरच्या चिपमधला राउटिंगचा बोजा: ॲडॅप्टिव्ह राउटिंग टाकूनही लेटन्सी का उतरत नाही?

शेवटचं_सेमिस्टर:
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा: ८×८ मेशमध्ये (आठ ओळी, आठ स्तंभ, प्रत्येक चौकात एक राउटर) बसवलेल्या ६४ कोअरच्या चिपमध्ये डेटा एका कोअरकडून दुसऱ्याकडे नेण्यात जो वेळ (लेटन्सी) आणि जी वीज खर्च होते, ती कमी करायची. गाइड सरांनी सुचवलं, एक्सवाय राउटिंग (आधी आडवं, मग उभं, रस्ता ठरलेला) काढ आणि ॲडॅप्टिव्ह टाक; पुढे गर्दी दिसली की पॅकेट दुसऱ्या दिशेला वळव. बुकसिम या नेटवर्क सिम्युलेटरवर ऑड-इव्हन टर्न मॉडेल (काही वळणं बंद ठेवणारा ॲडॅप्टिव्ह प्रकार) बसवलं. डेडलॉक, म्हणजे पॅकेटनी एकमेकांची वाट अडवून कायमचं थांबणं, होत नाही. पण कमी लोडवर लेटन्सीची रेषा एक्सवायच्या रेषेला चिकटलेलीच राहते. ट्रान्सपोज ट्रॅफिकला (ओळ आणि स्तंभ उलटे केल्यावर येणाऱ्या कोअरला पाठवणं) जास्त लोडवर फायदा दिसतो, आणि युनिफॉर्म रँडमला (कुठूनही कुठेही) तर ॲडॅप्टिव्ह उलट एक्सवायच्या आधीच तुंबतं. कोडमध्ये गडबड आहे की माझी अपेक्षाच चुकीची आहे? पुढच्या महिन्यात रिव्ह्यू आहे.

तर्री_जास्त:
रिव्ह्यू पुढच्या महिन्यात आणि सिम्युलेशन आत्ताच चालू? तू नागपूरचा वाटत नाहीस बे.

सिलिकॉनवाला_भाऊ:
कोड ठीकच दिसून राहिला. आकडे मांडून बघ.

८×८ मेशमध्ये कुठूनही कुठेही पॅकेट जात असेल तर एका दिशेत सरासरी २.६२५ उड्या पडतात, दोन्ही दिशा धरून ५.२५. साधा राउटर हेडरला (पत्ता असलेल्या पहिल्या तुकड्याला) ४ क्लॉक, म्हणजे चिपचे ४ ठोके, थांबवतो: मार्ग ठरवणं, व्हर्च्युअल चॅनल (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या रांगांपैकी एक) मिळवणं, स्विचवर नंबर लागणं, स्विच ओलांडणं. वर तारेवरचा १ क्लॉक. म्हणजे ५.२५ गुणिले ५, सव्वीसच्या आसपास. ६४ बाइटची कॅश लाइन (कॅशमधला डेटाचा एक गठ्ठा) १२८ बिटच्या फ्लिटमध्ये (पॅकेटचा एका क्लॉकला जाणारा तुकडा) घातली की ४ फ्लिट डेटा आणि १ हेडर, म्हणून शेवटचा फ्लिट पोचायला आणखी ४ क्लॉक. एकूण ३० धर.

आता ॲडॅप्टिव्हने यातलं काय बदललं? तू सर्वांत जवळच्याच रस्त्यांतून निवड करतोस, म्हणून उड्या तेवढ्याच. राउटरचे ४ क्लॉक तेवढेच. रस्ते रिकामे असताना कोणता रिकामा रस्ता निवडला याने काय फरक पडणार? एक्सवायमध्ये मार्ग ठरवणं म्हणजे दोन आकड्यांची तुलना. ते आधीच स्वस्तात होत होतं. तू सगळ्यात स्वस्त भाग घेऊन तोच सुधारायला बसलास.

युनिफॉर्म रँडमला आधी का तुंबतं, याचं कारण १९९२ साली ग्लास आणि नी यांनी टर्न मॉडेल मांडलं तेव्हापासून माहीत आहे. असं ट्रॅफिक एक्सवाय आपोआपच सारखं वाटून देतं. ॲडॅप्टिव्ह राउटरला फक्त शेजारच्या राउटरची गर्दी दिसते, त्यावर तो घाईने निर्णय घेतो आणि तो सारखेपणा बिघडवतो.

शेवटचं_सेमिस्टर:
भाऊ, पटलं. पण प्रोजेक्टच्या नावात 'राउटिंग' आहे आणि नाव आता नोंदवून झालं, बदलता येत नाही. मग राउटरचे ४ क्लॉक कमी करता येतील का?

सिलिकॉनवाला_भाऊ:
येतील, आणि नावाला धक्का न लावता. पहिलं, लुकअहेड. पुढच्या राउटरवर कुठे वळायचं ते आधीच्याच राउटरने ठरवून हेडरमध्ये लिहून पाठवायचं. मार्ग ठरवण्याचा टप्पा बाकीच्या कामाच्या आड जातो. दुसरं, स्पेक्युलेशन, जे पेह आणि डॅली यांनी २००१ मध्ये मांडलं: व्हर्च्युअल चॅनल मिळेलच असं धरून त्याच क्लॉकला स्विचसाठीही हात वर करायचा. नाही मिळालं तर तेवढी स्विचची संधी वाया गेली, बाकी नुकसान नाही. तिसरं, बायपास. बफर रिकामा आणि पुढचं तोंड मोकळं असेल तर फ्लिट बफरमध्ये लिहायचाच नाही, सरळ पुढे.

हे सगळं जमलं तर राउटर १ क्लॉकचा होतो. ५.२५ गुणिले २ म्हणजे १०.५, त्यात ते ४ मिळव. तीसाचे साडेचौदा. ॲडॅप्टिव्हने इतकं कधीच मिळालं नसतं. बुकसिममध्ये राउटिंग डिले, व्हीसी ॲलोकेशन डिले आणि स्विच ॲलोकेशन डिले असे वेगवेगळे पॅरामीटर आहेत, एकेक कमी करत जा आणि प्रत्येकाचा ग्राफ काढ.

याच्या पुढेही लोक गेलेत. २००७ चे एक्सप्रेस व्हर्च्युअल चॅनल, २०१३ चं स्मार्ट. स्मार्टमध्ये फ्लिट एका क्लॉकमध्ये अनेक राउटर ओलांडतो, कारण क्लॉक १ गिगाहर्ट्झच्या आसपास ठेवला तर तारेवरून सिग्नल एका क्लॉकमध्ये बऱ्याच टाइल (कोअर आणि राउटर मिळून एक चौकोन) पार करू शकतो. ते तुझ्या रिव्ह्यूसाठी नको, वाचून मात्र ठेव.

जुना_मास्तर:
भाऊंनी वेळेचा हिशेब दिला, विजेचा राहिला. मुलाच्या प्रश्नात दोन्ही आहेत.

आधी चिपवर सगळे एकाच बसवर (सामाईक तारांवर) बोलत असत. चार-आठ कोअरपर्यंत चालून गेलं. डॅली आणि टाउल्स यांनी २००१ साली ठामपणे मांडलं की चिपवर प्रत्येक जोडीसाठी वेगळ्या तारा ओढण्यापेक्षा पॅकेट पाठवा. २००७ मध्ये इंटेलने ८० कोअरची प्रायोगिक चिप दाखवली, ८×१० मेशची. तिच्यात एका टाइलच्या विजेपैकी २८ टक्के वीज नुसत्या नेटवर्कला जात होती. एमआयटीच्या रॉ या १६ टाइलच्या चिपमध्ये हा वाटा ३६ टक्के होता. हिशेब करणाऱ्या भागाच्या तोंडचा घास पोचवणाऱ्या भागाने पळवला, असं मी वर्गात सांगत असे.

यात बफरचा वाटा मोठा. शेवटचं_सेमिस्टर, आपल्या राउटरचं गणित करून बघा. ५ पोर्ट (४ दिशा आणि १ कोअर), प्रत्येकाला ४ व्हर्च्युअल चॅनल, प्रत्येकात ४ फ्लिट, फ्लिट १२८ बिटचा. १०,२४० बिट, म्हणजे १२८० बाइट. असे ६४ राउटर, म्हणजे ८० किलोबाइट. कडेच्या राउटरना पोर्ट कमी, तरी ढोबळ एवढं. ही जागा प्रत्येक उडीला लिहिली आणि वाचली जाते, आणि रिकामी असतानाही गळतीची वीज खात बसते.

मोसिब्रोडा आणि मुतलू यांनी २००९ मध्ये बफर काढूनच टाकले. दोन फ्लिटना एकच तोंड हवं असेल तर एकाला चुकीच्या दिशेला ढकलायचं, तो फिरून परत येईल. लोड कमी असताना हे छान चालतं. लोड वाढला की फिरणारेच इतके होतात की वाचवलेली वीज तारांवर जाते.

शेवटचं_सेमिस्टर:
सर, मग मधला मार्ग म्हणून व्हर्च्युअल चॅनल चारवरून एकावर आणला तर? बफर पाव होईल.

सिलिकॉनवाला_भाऊ:
नको. विनंत्या आणि उत्तरं एकाच रांगेत आली की विनंत्या उत्तरांची वाट अडवतात, आणि उत्तर पोचल्याशिवाय विनंती संपत नाही. राउटिंग कितीही डेडलॉकमुक्त असो, प्रोटोकॉल अडकतो. म्हणून प्रिन्स्टनच्या ओपनपिटॉन या खुल्या प्रोसेसर डिझाइनमध्ये याच कारणासाठी चक्क तीन वेगळी भौतिक नेटवर्क आहेत. कमी करायचे तर विनंती, उत्तर अशा प्रत्येक वर्गाचे चॅनल खाली आण, पण वर्ग एकत्र करू नको.

आउटर_सिग्नल:
मी रेल्वेच्या सिग्नल विभागातून रिटायर झालो, मुलगा चिप डिझाइनमध्ये असल्यामुळे हे वाचून राहिलो. आपल्या नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर नेमका हाच खेळ चालतो. उत्तर-दक्षिण लाइन आणि पूर्व-पश्चिम लाइन एकमेकींना कापतात, एका वेळी एकच गाडी जाणार. दुसरी आउटरला उभी. पण नुसती उभी नसते, तिने मागचा ब्लॉक धरलेला असतो, त्यामुळे तिच्या मागची गाडी आणखी मागच्या सिग्नलला अडते. तिला तर क्रॉसिंगवर जायचंच नसतं. तुमच्यात असंच होतं का?

सिलिकॉनवाला_भाऊ:
काका, शंभर टक्के. वर्महोल म्हणतात त्याला. पॅकेटचं डोकं अडलं की शेपूट मागच्या दोन-तीन राउटरमध्ये पसरलेली राहते आणि ज्यांचा त्या तोंडाशी संबंध नाही तेही अडतात. आणि इंटरनेटसारखं पॅकेट टाकून देता येत नाही. तुमच्या गाडीसारखंच, निघालं की पोचवावंच लागतं. म्हणून पुढे जागा आहे हे क्रेडिट आल्याशिवाय मागचा राउटर फ्लिट सोडत नाही.

आउटर_सिग्नल:
लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. बरोबर. मग व्हर्च्युअल चॅनल म्हणजे लूप लाइन? मालगाडी बाजूला घेतली, सुपरफास्ट पुढे काढली?

सिलिकॉनवाला_भाऊ:
तिथवर जुळतं. पण लूप लाइनवरून पूर्ण गाडी निघते. इथे दोन पॅकेटचे फ्लिट एकाच तारेवरून आळीपाळीने जातात, एक याचा, एक त्याचा. दोन गाड्यांचे डबे असे मिसळले तर रेल्वे बोर्ड काय म्हणेल?

आउटर_सिग्नल:
चौकशी समिती बसवेल.

कॅशमिस_ताई:
इतका वेळ नुसतं वाचत होते. मी मिहानमधल्या एका कंपनीत सर्व्हर सॉफ्टवेअरच्या परफॉर्मन्सवर काम करते. तुम्ही सगळे पॅकेट लवकर कसं पोचेल ते बोलताय. ते पॅकेट निघालंच का, हे कोणी विचारत नाही.

समजा आठ थ्रेड आपापले काउंटर वाढवत आहेत. काउंटर वेगळे आहेत, कोणी कोणाचा डेटा वाचत नाही. पण ८ बाइटचे आठ काउंटर शेजारीशेजारी ठेवले की ते एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये बसतात. आता प्रत्येक वाढीला ती लाइन दुसऱ्या कोअरकडून ओढून आणावी लागते: डिरेक्टरीला (कोणती लाइन कोणाकडे आहे याची नोंद) विनंती, तिच्याकडून सध्याच्या मालकाला निरोप, मालकाकडून ५ फ्लिटचा डेटा. प्रोग्रॅमच्या दृष्टीने काहीच देवाणघेवाण नाही आणि मेश भरून वाहते. काउंटरमध्ये अंतर सोडलं, प्रत्येकाला आपली लाइन दिली, की हे सगळे निरोप नाहीसे. इंटेलवर शेजारची लाइनही प्रीफेच होते (आधीच ओढून आणली जाते) म्हणून काही जण १२८ बाइटचं अंतर सोडतात. लिनक्समध्ये पर्फ सीटूसी वापरा, कोणत्या लाइनवरून ओढाताण चालली आहे ते नावासकट दाखवतं.

राउटर १ क्लॉकचा करून तुम्ही निम्मं वाचवता. मी एक स्ट्रक्ट (कोडमधली डेटाची मांडणी) बदलून सगळं वाचवते.

सिलिकॉनवाला_भाऊ:
ताई, मान्य, पण दोन गोष्टी. एक, सगळे तुमच्यासारखं लिहीत नाहीत. चिप बनवणाऱ्याला जगातला सर्वांत वाईट कोड गृहीत धरावा लागतो. दोन, तुम्ही काउंटर नीट ठेवला तरी शेवटच्या पातळीची कॅश हॅश करून सगळ्या मेशवर पसरलेली असते. तुमचा कोअर या कोपऱ्यात आणि लाइनचं घर त्या कोपऱ्यात. मुद्दामच तसं करतात, नाहीतर एकाच स्लाइसवर (कॅशच्या एका तुकड्यावर) गर्दी होते. म्हणजे प्रायव्हेट कॅशमधून बाहेर पडलात की लांबचा प्रवास आलाच.

कॅशमिस_ताई:
म्हणूनच तर सब-न्यूमा क्लस्टरिंग आहे. बायोसमध्ये चालू केलं की चिपचे भाग पडतात आणि लाइनचं घर आपल्याच भागात राहतं. मग न्यूमासीटीएल या लिनक्सच्या कमांडने प्रोसेस आणि तिची मेमरी त्याच भागात बांधायची. प्रोसेस त्या भागात मावत नसेल तर मात्र उपयोग नाही, उलट त्रास. आमच्याकडे काही सर्व्हिसना चालू ठेवतो, काहींना बंद.

वाईट कोड गृहीत धरायचा हे मला पटत नाही हं. याच न्यायाने तुम्ही बफर वाढवत जाता आणि मग मास्तर सांगतात तसा विजेचा वाटा वाढतो.

जुना_मास्तर:
दोघांच्या मधली एक जागा राहिली. एक लाइन वीस कोअर वाचत आहेत आणि एकविसाव्याला ती लिहायची आहे. वीस जणांना 'तुमची प्रत रद्द' असा निरोप जातो. साधं नेटवर्क वीस वेगळी पॅकेट पाठवतं, त्यातली बहुतेक पहिल्या काही उड्या एकाच तारेवरून जातात. राउटरलाच फाटा येईल तिथे प्रत काढता आली तर ती पुनरुक्ती टळते. एन्राइट जर्गर, पेह आणि लिपास्ती यांचं २००८ चं काम यावरच आहे. यात प्रोग्रॅम बदलावा लागत नाही; बफर वाढतो, पण थोडाच. पोरा, तुझ्या प्रोजेक्टला हे जास्त शोभेल असं मला वाटतं. 'राउटिंग' हा शब्दही टिकतो.

शेवटचं_सेमिस्टर:
सर, नक्की वाचतो. रात्री एक वेगळा हिशेब केला. चार कोअरला एकच राउटर दिला तर मेश ४×४ होते आणि सरासरी उड्या २.५. सव्वापाचच्या निम्म्याहून कमी! मग सगळे हेच का करत नाहीत?

सिलिकॉनवाला_भाऊ:
करतात. इंटेलच्या नाइट्स लँडिंगमध्ये, २०१६ साली, एका टाइलवर दोन कोअर होते. त्याआधीच्या ४८ कोअरच्या प्रायोगिक चिपमध्येही २४ टाइल, प्रत्येकीवर दोन. दोनवर थांबले ते उगाच नाही. चार कोअर लावले की राउटरला ४ दिशा अधिक ४ कोअर असे ८ पोर्ट होतात. क्रॉसबार (राउटरच्या आतला स्विच) पोर्टच्या वर्गाने वाढतो: २५ ऐवजी ६४. स्विचचा निवाडा करणारं सर्किट लांबतं, मग तुझा १ क्लॉकचा राउटर १ क्लॉकचा राहत नाही. शिवाय चिप मधोमध कापली तर आधी एका दिशेने ८ तारांचे जोड होते, आता ४. तारा रुंद केल्या तर क्रॉसबार आणखी मोठा. आणि टाइल मोठ्या झाल्यामुळे प्रत्येक उडी दुप्पट लांब, हे तुझ्या २.५ मध्ये कुठे धरलं?

टोरसही बघ. कडा जोडल्या की सरासरी ४ उड्या. पण प्रत्येक ओळ आता गोल फिरते, म्हणून त्या गोलात डेडलॉक टाळायला जादा व्हर्च्युअल चॅनल लागतो, म्हणजे पुन्हा बफर.

तर्री_जास्त:
म्हणजे इकडून दाबलं की तिकडून निघते. एएमडीवाले काय करतात मग? त्यांचे तर चिपचेच तुकडे आहेत.

सिलिकॉनवाला_भाऊ:
त्यांच्या २०१९ पासूनच्या सर्व्हर चिपमध्ये मधोमध एक आयओ डाय (बाहेरच्या जोडण्या सांभाळणारा तुकडा) आणि भोवती कोअरचे चिपलेट. चिपलेटच्या आत बोलणं स्वस्त, बाहेर पडलं की महाग. तिथे ताईंचा मुद्दा दुप्पट लागू होतो. वेगळा धागा काढ, इथे पसारा नको.

शेवटचं_सेमिस्टर:
एवढं ठरवलं आहे. एक, तोच ८×८ मेश, राउटर ४ क्लॉकपासून १ पर्यंत पायरीपायरीने, एक्सवायवरच. दोन, ॲडॅप्टिव्ह ठेवतो, पण फक्त ट्रान्सपोज आणि हॉटस्पॉटला (सगळे थोड्याच ठिकाणी पाठवतात ते), कोपऱ्यातले मेमरी कंट्रोलर धरून, आणि फायदा कुठून सुरू होतो तो लोड दाखवतो. तीन, रद्द-निरोपाची फाट्यावर प्रत, वेळ उरला तर. गाइड सरांना आज भेटलो, पहिला ग्राफ बघून ते म्हणाले आधी हेच कर.

ताई, एक विचारायचं होतं. लॅबमधल्या सर्व्हरवर खरोखरच्या चिपचं मोजमाप जोडता येईल का? सिम्युलेशनशेजारी बरं दिसेल.

कॅशमिस_ताई:
येईल. दोन थ्रेड दोन कोअरवर टास्कसेट कमांडने बांध. एका कॅश लाइनवर एकाने लिहायचं, दुसऱ्याने ते दिसेपर्यंत वाचत राहायचं आणि मग उलट लिहायचं. असे खूप फेरे घेऊन सरासरी काढ, आणि हे प्रत्येक जोडीसाठी. चौकोनी नकाशा तयार होतो, जवळची आणि लांबची जोडी रंगात दिसते. तीन गोष्टी सांभाळ. हायपरथ्रेडिंगची जुळी जोडी वेगळी काढ. ती एकाच कोअरच्या आत बोलते, तो आकडा नेटवर्कचा नाही. फ्रीक्वेन्सी स्थिर कर, नाहीतर टर्बोमुळे आकडे हलतात. आणि लिनक्सचा कोअर क्रमांक १ व २ म्हणजे चिपवर शेजारी, असं समजू नकोस. क्रमांक आणि जागा यांचा संबंध असेलच असं नाही. ती लाइन हॅशने कुठल्या स्लाइसवर पडते त्यावरही आकडा बदलतो, म्हणून वेगवेगळ्या पत्त्यांच्या लाइन घेऊन मोज.

सिलिकॉनवाला_भाऊ:
आणि ग्राफच्या आडव्या अक्षावर इंजेक्शन रेट (कोअर नेटवर्कमध्ये किती टाकतो) फ्लिटमध्ये आहे की पॅकेटमध्ये ते लिही. ५ फ्लिटचं पॅकेट असलं तर पाचपट फरक पडतो, बाहेरचे परीक्षक पहिलं तेच विचारतात.

शेवटचं_सेमिस्टर:
प्रति नोड प्रति क्लॉक फ्लिट असं ठेवलंय. लेबल टाकतो. लॅबची चावी सोमवारी मिळेल, नकाशा इथेच टाकीन.

तर्री_जास्त:
सोमवार म्हणजे नागपूरचा सोमवार ना? मग गुरुवारी बघतो.